जाताना शब्द, येताना उलटा

१९ जून १९९४

काय गं वही, मागल्या पानावर काय सांगितलं, आठवतं का? न्हाई ना! पोटात लिहून ठेवलेलं विसरतीस, अन् मी कोरी असून मला सगळं पाठ.

मंग ऐक पुन्हा. तारी, माझी नात, दहावीला इंग्रजीत नापास झाली. निकालाचा कागद देताना धर्मराज मास्तर भर वर्गात म्हणला — "आजी अंगठेवाली, नात काय दिवे लावणार?" पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. मी दोन्ही दिवस जेवले. भांडायला ताकद लागती!

माझा पोरगा मच्छिंद्र म्हणतो, ऑक्टोबरच्या परीक्षेतबी नापास झाली तर दिवाळीनंतर लगीन उरकून टाकतो.

मास्तरा, थांब तू.

३ जुलै

तारीनं शब्दांचं पुस्तक आणलं. एक शब्द, त्याचा अर्थ, मंग त्याच्यासारखा, मंग त्याचा उलटा. म्हणलं, ही तर भावकीच झाली — एक सख्खा, एक कोर्टातला!

कपाशीत खुरपायला दोघीच. पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरली की जाताना शब्द, बांधाला हात लावून येताना त्याचा उलटा. अ‍ॅरोगंट म्हणजे गर्विष्ठ. त्याचा सख्खा हॉटी. बांधावरून वळलं की हम्बल. शेजारच्या वावरातून साळूबाई ओरडली, "झुंबरे, कुणाला शिव्या देऊन राह्यली गं?" म्हणलं, मास्तरला. छापील हायेत!

४ जुलै

क्रूएल. काइंड. गवत फार.

२१ जुलै

आज रिव्हेंज आला. सूड! इतका आवडला की दोन पाती त्याच्यावरच काढल्या. उलटा काय, तर फरगिव्हनेस. क्षमा. म्हणलं, हा परीक्षेपुरता तूच पाठ कर, मला नको. येताना मी मुकी आले.

बेत ठरला. तारी पास झाली की शाळेत जायचं अन् साऱ्या पोरांसमोर मास्तरला दहा शब्दांचे उलटे विचारायचे. एक तरी चुकेलच! त्याचा घाम बघायचाय मला.

"आजी, हे पण लिहू?" तारी विचारती.

लिही. जाड लिही.

१६ ऑक्टोबर

पेपर झाला. तारी म्हणाली, एका शब्दावर अडले तवा डोळे मिटून पातीवरून चालत गेले. बांधापाशी सापडला.

मी उगाच कांदा चिरत बसले.

१२ डिसेंबर

पास! बावन्न मार्क! मच्छिंद्र लगनाचं बोलायचा बंद झाला.

ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत गेले. मास्तर न्हाई! भोकरदनला कसल्याशा मोहिमेच्या कामावर धाडलाय, उन्हाळ्यापर्यंत यायचा न्हाई म्हणे. पोरांना पेढे वाटले. त्याच्या वाट्याचे दोन वाटंत मीच खाल्ले. दहा शब्द तसेच पोटात घेऊन आले. कुठं जाईल? येईलच.

९ जुलै १९९५

अक्षर बदललंय — ओळखलंस का, वही?

तारी जालन्याला कॉलेजात गेली. अन् आज सकाळी दारात धर्मराज मास्तर उभे! आता मानानं बोलते, पेन त्यांच्या हातात हाय. गावातल्या अंगठेवाल्यांना अक्षरं शिकवायची, तीच ती मोहीम. यादीत पहिलं नाव माझं. म्हणलं शिकते, पण आधी ही वही वाचा. पहिल्यापासून. मोठ्यानं. साळूबाईलाबी बोलावून घेतलं.

जुलैचं पान त्यांनी दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "चुकलं माझं, झुंबरबाई." दहाच्या दहा शब्द माझ्या ओठावर होते. विचारले न्हाईत.

हे पण लिहा मास्तर, थांबू नका. अन् खाली सूनबाईला सांगायचं लिहा — नंदा, तारीला जालन्याला धपाटे धाडशील तवा चार मास्तरच्या घरीबी धाड. तिखट मात्र दुप्पट घाल.