इंजिन बंद करण्याची जागा

तीर्थरूप बाबा,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. ते आईच्या हाती पडले, तर तिचे दादाची वाट पाहणेही संपेल.

तुम्ही इस्पितळात, म्हणून आज प्रथमच काचेच्या तळाची नाव मी उपसागरात नेली. या किनाऱ्यावर आलेल्या पहिल्या दर्यावर्दींचे जहाज जिथे बुडाले असे तुम्ही पर्यटकांना सांगता, तिथे तुमच्याप्रमाणेच इंजिन बंद केले. 'असे जहाज इतिहासात नाही,' असा मी वाद घातला की तुम्ही म्हणायचात, "पंडितीणबाई, गप्प बसा."

काचेतून खाली पाहिले. प्रवाळांमध्ये, माशांच्या थव्याखाली, दादाची होडी होती. तिच्यावर मीच रंगवलेला वाकडा मासा. तुम्ही तर ती दादासकट खोल समुद्रात हरवली म्हणाला होतात.

"काय आहे गं तिथे?" एका बाईंनी विचारले.

"पहिल्या दर्यावर्दींचे जहाज," मी म्हणाले. "थोडा वेळ शांत राहू या."

तुमची,
पंडितीणबाई