चढता वारा, उतरता वारा

१२ मार्च १९८५

पाय मोडले. बालवाडी सुटली की भर उन्हात डोंगर चढायचा, सासूबाईंना जेवण द्यायचं, उतरायचं. संध्याकाळी पुन्हा तेच! काजू गळायला लागले आणि त्या बागेतल्या खोपीत राहायला गेल्या. एकट्या, या वयात. खाली चला म्हटलं तर म्हणतात, "काय गो, मी खाली आले तर काजू कोन राखील? वांदरं?" हे मुंबईत. आईची काळजी करायला ह्यांना पत्र पुरतं!

१४ मार्च

एक बरं आहे. दुपारी वारा दरीतून वर चढतो, मला मागून ढकलतो. दिवेलागणीला उलटतो, गार होऊन माथ्यावरच्या सड्यावरून, त्या उघड्या कातळावरून खाली येतो. म्हणजे उतरतानाही पाठीतच! घरातलं माणूस करत नाही तेवढं वारा करतो.

१७ मार्च

तोडगा काढला. संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीची भाकरीही देऊन ठेवायची. दुपारची खेप बंद. खोपीत पितळेची थाळी ठेवली — काही लागलं तर वाजवा, मी धावत येते. "जड झाले ना मी तुला?" म्हणाल्या. झाल्यात. इथे तरी खरं लिहू दे.

घरी येऊन अंगणात उभी राहिले. ठरल्याप्रमाणे दिवेलागणीला त्यांनी वाजवली. काय खणखणीत आवाज! शेजारच्या ओटीवर वाजावी तसा.

१९ मार्च

दुपारी झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा.

२३ मार्च

संध्याकाळी गेले तर सासूबाई खोपीच्या दारात पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलंय. दुपारपासून तशाच, तोंडाला कोरड. आणि थाळी शेजारीच!

चौघांनी डोलीतून खाली आणलं, तिथून जीपने रत्नागिरीला. मी घाबरले होते, चिडलेही होते. सगळ्यांसमोर बोलले — थाळी हाताशी असून वाजवली नाहीत? कसला मेला हट्ट हा! त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

२६ मार्च

हे आले. ह्यांनाही तेच सांगितलं. "आई पहिल्यापासून हट्टीच," म्हणाले. हायसं वाटलं.

सासूबाई दवाखान्यात माझ्या हातून पेज घेतात, पण बोलत नाहीत.

२८ मार्च

सड्यावरच्या वाडीतला रावजी चौकशीला आला. पायरीवर बसला, चहा घेतलान आणि म्हणाला, "त्या दिवशी दुपारभर थाळी वाजत व्हती, वयनी. पार आमच्यापतूर आवाज. आमी म्हटलं, म्हातारीनं आरती लावलीन काय!"

दुपारभर.

वारा चढता होता. आवाज त्याच्याबरोबर वर गेला, खाली माझ्याकडे आलाच नाही. आणि मी थाळी वाजवून घेतली ती संध्याकाळी.

हे उद्या मुंबईला परत जातात. त्याआधी सांगायला हवं. जीभ रेटत नाही.