पंचम उतरलाय

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा तोंड वर करून बोलायची छाती झाली नाही. आज ऑफिसला दांडी मारून, इथं आखातात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये दार लावून लिहायला बसलेय.

माझी मुलगी इथल्याच एका लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं पोरं आधी सगळं थोडंथोडं चाखतात आणि मग मुख्य विषय ठरवतात. तो मेजर, आणि जोडीला घेतात तो मायनर. हिला गाणं मेजर हवं होतं. त्यासाठी दहा मिनिटांचं गाणं रेकॉर्ड करून, कुठंही काटछाट न करता, रविवारपर्यंत पाठवायचं होतं. मायनरला काहीच पाठवावं लागत नाही, नाव घातलं की झालं. नवऱ्याचं पहिल्यापासून एकच, "मेजर इकॉनॉमिक्स, मायनर म्युझिक. सिंपल! इथे व्हिसा नोकरीवर मिळतो, तंबोऱ्यावर नाही." मी त्याच्याशी महिनाभर भांडले, बाई. मी! आणि जिंकलेसुद्धा.

तुमच्याकडे चिंचवडला गाणं शिकायला यायला लागले, पण पहिलं वर्षभर मी गायले कुठं? नुसता तंबोरा लावला. मी बाहेरच्या खोलीत खुंट्या पिळतेय, तुम्ही आत कणीक मळताय आणि मान न वळवता म्हणताय, "पंचम उतरलाय." मी पुन्हा तार लावते. "उतरलाय." हात परातीत, कान माझ्या तारेवर. पुढे कॉलेजात असताना, स्पर्धेच्या सकाळी, रिक्षा दारात उभी असताना तुम्ही तेच तीनदा म्हणालात. तिसऱ्यांदा मी तंबोरा भिंतीला टेकवला आणि सरळ घरी निघून गेले. परत आलेच नाही. तुम्हीही बोलवायला आला नाहीत. मी कॉमर्स केलं, आता जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसते, बरं चाललंय. माझ्या लग्नात मात्र तोच तंबोरा पाठवलात, नवी गवसणी शिवून. सोबत दोन ओळींची चिठ्ठी नाही. ते बक्षीस होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही, आणि याचाच मला राग येतो.

शनिवारी दुपारी लेकीनं एसी बंद केला, कारण त्याची घरघर रेकॉर्ड होते. मोबाइलमधला तंबोरा नको, बाईंचाच हवा म्हणाली. इथली हवा त्या तारांना मानवत नाही. घामाघूम होऊन तिनं अर्धा तास तो लावला आणि गायला बसली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. छान गात होती हो! पाचव्या-सहाव्या मिनिटाला ती अशा एका जागी जाऊन थांबली, जिथं मी जन्मात पोचले नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "पंचम उतरलाय."

गाणं तुटलं. "आई, इट्स इन ट्यून. आय चेक्ड ऑन द ट्यूनर."

"मशीनला काय कळतंय? उतरलाय."

तिनं पुन्हा लावला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती उठली. तंबोऱ्याला गवसणी घातली, एसी लावला. "खलास, आई. आय विल डू द मायनर."

रविवारी फॉर्म गेला. "यल्ला, सेलिब्रेट करू!" म्हणत बाप मिठाई घेऊन आला. लेक माझ्याशी रागानं बोलत नाही, अगदी नीट बोलते, पाहुण्यांशी बोलावं तशी. त्यापेक्षा आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

मी तुमच्यावर चिडलेय. ते दोन शब्द तुम्ही माझ्या तोंडात घातलेत. तीन दिवस मी तुम्हाला एकच विचारतेय, स्पर्धेच्या त्या सकाळी माझा पंचम खरंच उतरला होता का?

पत्र कुठं पाठवणार? त्याच गवसणीत सारून ठेवते. ती कुणी उघडेल असं आता वाटत नाही.

विचारण्याचं कारण एवढंच, की शनिवारी तिचा उतरला नव्हता. मला स्वच्छ ऐकू येत होतं. हे तुम्हाला सांगितलं, बाई. तिला अजून सांगितलेलं नाही.