सुमसुमचं पोट

११ जानेवारी

एमिल गेला एकदाचा. माँट्रियलला. चौतीस वर्षांचा घोडा, विमानतळावर हमसून हमसून रडला — कशासाठी, तर पाळलेल्या पालीसाठी! घरी आईच्या गालाला गाल लावून झाला, तिथं मला मिठी मारून झाली, डोळे कोरडे. मग म्हणाला, "ताई, सुमसुमला जप," आणि फुटलाच.

अंगावर तिळासारखे ठिपके, म्हणून नाव सुमसुम, म्हणजे तीळ. फ्रिजवर कागद चिकटवून गेलाय. अकरा सूचना, सगळ्या त्याच्या पोटाच्या. त्याच्या काचेच्या पेटीत वाळू घालायची नाही, खाली फक्त टिश्यू पेपर. अळी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठी नको. पाचच द्यायच्या, एक दिवसाआड. पोटाखाली ऊब हवीच, नाहीतर खाल्लेलं आत कुजतं. शी झाली की तारीख लिहायची.

आईला आठ-आठ दिवस साफ होत नाही. तिच्याबद्दल कागदावर एक ओळ नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

"जून संपायच्या आत परत येतो. आईला मी बघेन, तू दोह्याला जा." असं म्हणालाय. दोह्याच्या शाळेनं सप्टेंबरपर्यंत माझी शिक्षिकेची जागा धरून ठेवलीय. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्यासाठी काही धरून ठेवलंय.

१९ जानेवारी

फोन. पहिला प्रश्न — "सुमसुमला शी झाली?" आई पलंगावरून ओरडली, "मला झाली का तेही विचार म्हणावं!" आम्ही दोघी हसलो. तिकडे एमिल हसला नाही. त्याला ऐकूच गेलं नसावं.

समोरच्या उम्म मितरी, म्हणजे मितरीच्या आई, म्हणाल्या, "आईसाठी येईल न येईल, देव जाणे. पण या पालीसाठी येईल बघ तो." चहा पिऊन गेल्या. मी मात्र तेच वाक्य धरून बसले. खरंच आहे. हा प्राणी जिवंत आहे तोवर एमिल येणार, आणि एमिल आला तर मी सुटणार. प्रेमबिम काही नाही माझं या पालीवर. मला तो जिवंत हवाय.

२ फेब्रुवारी

आमच्या या बंदरगावात, मीनात, असली थंडी मी लहानपणापासून पाहिली नव्हती. समुद्राचा वारा खिडकीच्या फटीतून सुरीसारखा. सरकारी वीज दोन तास, जनरेटर चार ते दहा. पेटीखालची विजेची गादी तेवढाच वेळ तापते, म्हणून अळ्या चारच्या ठोक्याला. शाळेतून धावत येते, बूट न काढता. दहानंतर ऊब कुठून आणायची? गरम पाण्याची पिशवी घरात एकच.

आईचे पाय की सुमसुमचं पोट?

पिशवी पेटीखाली ठेवली. आईला लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवले. "मी मेले की माझ्या जागी त्यालाच निजव," म्हणाली. लागेल पाप तर लागो.

९ फेब्रुवारी

एमिलचा फोन नाही.

१७ फेब्रुवारी

आला. दोन मिनिटं. घाईत होता. शीचं विचारलं. मी तारखा वाचून दाखवत होते तर मधेच, "बरं बरं, ठेवतो."

२६ फेब्रुवारी

मी घरी नसताना आईनं कारभार केला! पेटीत वाळू. चांगली दोन बोटं जाड. आईनं उम्म मितरींना किनाऱ्यावरून आणायला लावली, धुवायला लावली, शेगडीवर वाळवायला लावली.

"वाळवंटातला जीव तो. कागदावर निजवतेस, दवाखान्यातल्यासारखा. पाहुणा आहे घरात, लाज वाटते मला!"

आणि जेवण? सतरा अळ्या! सगळ्या वाळूत लोळलेल्या. "आणखी एक, माझ्या गळ्याची शपथ" — असं म्हणत भरवल्या म्हणे. आमच्याकडे पाहुणा तीनदा नाही म्हणाल्याशिवाय त्याचं नाही कुणी धरतच नाही. सुमसुम एकदाही म्हणाला नाही.

५ मार्च

सात दिवस काही नाही. पोट टम्म, कातडीतून निळसर दिसतंय. पेटीला तोंड लावून पडून असतो.

डॉक्टर मेंढ्या-कुत्र्यांचे. "पाल? बाई, पाल तर माझी बायको चपलेनं मारते!" मी हसले नाही तेव्हा गंभीर झाले. अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. आत वाळूचा गोळा. रोज दोनदा कोमट पाण्यात बसवायचं, पोट चोळायचं, खाणं बंद. तोंडाला तेलाचा एक थेंब. तीन-चार दिवसांत मोकळा झाला नाही तर आशा नाही.

घरी येऊन आईला बोलले. "तुला मला इथंच पुरायचंय," असं बोलले. जेवताना तिनं विचारलं, "दोहा किती लांब गं?"

मला रडायला आलं, आणि त्याचाही राग आला.

६ मार्च

नाही.

७ मार्च

नाही. एमिलला कळवलं नाही. काय कळवू?

८ मार्च

आई म्हणाली, "आण इकडे." कोमट पाण्याचा वाडगा तिच्या मांडीवर ठेवला. तिचे हात कापतात, चमचा धरवत नाही. पण त्याला धरल्यावर कापेनात. "तुमची दोघांची पोटं मी अशीच चोळलीत. एमिल तर दहा-दहा दिवस अडून बसायचा. बोट खाली न्यायचं, हळू. वर कधी नाही." अर्धा तास चोळत होती. पाणी गार झालं की मी बदलायची.

आणि झाली! वाळूच वाळू, सिमेंटच्या गोळीसारखी! आम्ही दोघी अशा किंचाळलो की उम्म मितरी कुणी गेलं म्हणून छाती बडवत आल्या.

फोटो काढला. असल्या गोष्टीचा फोटो! एमिलला पाठवला. लिहिलं — वाचला. तुझी वाट बघतोय.

१२ मार्च

फोटो बघितलाय त्यानं. उत्तर नाही. कामात असेल.

२० मार्च

सुमसुमनं आज तीन अळ्या खाल्ल्या. उत्तर नाही. आई रोज विचारते, मी रोज "कामात आहे" म्हणते.

२ एप्रिल

एमिलचं उत्तर आलं — "अगं, अजून आहे तो?"

मी लिहिलं — हो, आहे. आईपण आहे.