राजदूताचं वाक्य

प्रिय छोट्या,

आठ महिने झाले, रविवारच्या खेळाला तू आलेला नाहीस. 'काम वाढलंय, ताई' या तुझ्या एका ओळीच्या मेसेजवर मी इतके दिवस विश्वास ठेवला. आता ठेवत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते शेवटपर्यंत वाचायचं. मोठ्या बहिणीचा हुकूम समज.

आधी खबरबात. टेबल तेच, फासे तेच, आपापलं पात्र होऊन फाशांवर गोष्ट पुढे नेणंही तेच. गोष्ट अजून दातांचे डॉक्टरच सांगतात आणि त्यांचे सगळे राक्षस अजून 'आ करा' म्हटल्यासारखेच बोलतात. आपली लढवय्यी, म्हणजे गणिताच्या बाई, मागच्या रविवारी वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ तीनदा एक पाडून स्वतःच्याच ढालीला अडखळून विहिरीत पडल्या. मी लगेच चित्रं काढून त्याचं वेबकॉमिक इंटरनेटवर टाकलं. लोक पोट धरून हसले, बाई सगळ्यांत जास्त. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी आपल्याच टेबलावरच्या फजित्या काढायच्या, माझं झकास चाललं होतं. सगळ्यांची टर उडवते, मग तुझी उडवली तर काय बिघडलं, असंच मी धरून चालले.

खरं तर खेळातला तुझा राजदूत मला सगळ्यांत आवडायचा. पोस्टाच्या खिडकीवर स्वतःचं नाव सांगताना अडणारा तू, राजदूत झालास की घडाघडा बोलायचास. त्या एका रविवारी मात्र ड्रॅगनसमोर तो पहिल्याच शब्दावर अडला. मी काय काढलं, आठवतंय ना? राजदूताचं वाक्य संपेपर्यंत ड्रॅगनला डुलकी लागते, मग दाढी येते, मग नातवंडं होतात. माझं सगळ्यांत गाजलेलं चित्र. त्यानंतरच्या रविवारपासून तू आला नाहीस, आणि मी दिवटी, दोन्हीचा संबंध काही लावला नाही.

गेल्या मंगळवारी तुझा नवा चष्मा द्यायला तुझ्या नकाशांच्या कचेरीत गेले होते. तू मोजणीला बाहेर गेला होतास. पिण्याच्या पाण्याच्या मशीनवर तेच चित्र चिकटवलेलं होतं. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'मीटिंगमध्ये आज हा बोलणार आहे, डबे घेऊन या.' कागद पिवळा पडला होता. म्हणजे इतके दिवस तू रोज तिथूनच पाणी पीत होतास. मी तो सगळ्यांसमोर टराटरा फाडला, पण चित्र काढणारी मीच होते, कुणावर डाफरणार? छोट्या, मला माझी लाज वाटली.

लहानपणापासून तू अडलास की वाक्य मी पुरं करायचे. मदत म्हणून मिरवले, पण घाई माझी होती. त्या रविवारी काय घडलं ते मला पक्कं आठवतं. कुणालाही डुलकी लागली नव्हती. डॉक्टरांनी चहाचा कप ओठांपाशी तसाच धरून ठेवला होता. बाई टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकल्या होत्या. तू वाक्य पुरं केलंस, फाशावर वीस पडले आणि ड्रॅगन वाटेतून बाजूला झाला. एका हशासाठी मी खोटं काढलं.

आता माझ्या या चित्रांचं पुस्तक निघायचं आहे. मुखपृष्ठावर तेच चित्र हवं, नाहीतर पुस्तक नाही, असं प्रकाशक म्हणाले. मी नाही सांगून आले. वेबवरूनही ते काढून टाकलं. ही काळ्या दगडावरची रेघ. पुस्तक निघालं नाही तर मी दुसरा प्रकाशक शोधीन, दहा शोधीन. त्या रविवारी घडलं तसं नवं चित्र काढून सोबत ठेवलंय. त्यात हसण्यासारखं काही नाही. ते लोकांना दाखवायचं की फाडायचं, एवढंच तुला विचारायचंय. फोनवर विचारलं असतं तर उत्तरही मीच देऊन मोकळी झाले असते, म्हणून हे पत्र लिहिलं. पण तुझं उत्तर मला मेसेजवर नको, फोन कर. माझ्यावरचा राग गेला नसेल तर तेही तोंडानेच सांग. पाच मिनिटं लागोत की पन्नास, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

फोनजवळ बसलेली,
तुझीच ताई