शेठजींना घातलेली आंघोळ

निंभोरा,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप जितूमामांना भाची ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (बेबामामी फोनवर म्हणाली की आता बरा आहे, पण तेवढ्यात मागून तुमचं जिना उतरतानाचं कण्हणं ऐकू आलं, म्हणून तुम्हालाच विचारते.) मामीच्या कुरडया यंदा फुलतात का, हे आईने विचारायला सांगितलंय. पत्र कशाला, फोन कर, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि पुढे स्वतःच बोलता. मला जे सांगायचंय ते मधे तोडण्यासारखं नाही.

मामा, मला नोकरी लागली. धुळ्याला, शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात. टेबलावर नाही, थेट मशीनशेजारी.

बारावीनंतर आबांनी कॉम्प्युटरच धरून ठेवलं होतं (ए.सी.त बसून काम, कपडे स्वच्छ, स्थळं चांगली). तेव्हा तुम्ही दीपनगरच्या वीज केंद्रातली रात्रपाळी संपवून, न झोपता सकाळच्या गाडीने आला होतात. ओट्यावर बसून, चहा बशीत ओतत आबांना म्हणालात, "दाजी, हिनं विहिरीची मोटर खोलून परत जोडली. कॉम्प्युटर कोण खोलू देईल हिला?" आबा हसले नाहीत, पण मेकॅनिकल ठरलं. त्या एका वाक्यावर माझं सगळं शिक्षण झालं. तेव्हा तुम्हाला धन्यवाद म्हणायचं राहून गेलं, कारण तुम्ही लगेच खाटेवर आडवे होऊन घोरायला लागलात.

वर्गात मी एकटी मुलगी. वर्कशॉपचा एप्रन मुलांच्या मापाचा, त्यात मी पिशवी चढवलेल्या केळीच्या घडासारखी दिसायचे. पण जळगावात मेहरूणच्या होस्टेलवर इतर मुली माझ्याकडे पंखे, मिक्सर आणि गिझर घेऊन यायच्या, त्यामुळे मान होता. खरी पंचाईत शेवटच्या वर्षी आली. आबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: निकालापर्यंत नोकरी, नाहीतर मुलगी बघायला पाहुणे. आणि कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांचे साहेब माझा कागद बघून फार गोड बोलायचे. एकाने विचारलं, कपड्यांना ग्रीस लागलं तर चालेल का? मी म्हटलं, लागलेलंच आहे. आणि कोपर दाखवलं. त्यांनी हसून चहा पाजला आणि मुलं घेतली. दुसऱ्यांनी तर सरळ सांगितलं की त्यांच्याकडे मुलींची सोय नाही. सोय म्हणजे काय, हे मला अजून कळलं नाही, मी तर दाराला कडी असलेली एक मोरी मागितली असती.

याच सुमारास धुळ्याच्या एका कॉलेजात मशीनींचं प्रदर्शन होतं. आमची मशीन केळीच्या खोडापासून धागा काढायची. घड कापल्यावर आपल्या बांधावर जी खोडं सडत पडतात, त्यांच्या पट्ट्या आत सारायच्या, फिरणारा दात्यांचा ड्रम गर खरवडून काढतो आणि धागा उरतो. माझा जोडीदार अर्हम. जळगावच्या कापड दुकानदाराचा मुलगा, चिकट वस्तूला हात लावण्याआधी रुमाल काढणारा, पण वेल्डिंग करायला लागला की देव. आम्ही उखर्डूभाऊंच्या टेम्पोतून निघालो. ऊन मरणाचं. अर्हमने ड्रमवरचं पत्र्याचं झाकण काढून डोक्यावर धरलं. पारोळ्याच्या पुढे एका ट्रकच्या वाऱ्याने ते उडालं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकने त्याची पोळी केली. उखर्डूभाऊ धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी गाडी थांबवून ती पोळी नीट बघितली आणि म्हणाले की आते काय, नशीब शे.

तर आम्ही झाकणाविना उभे. प्रमुख पाहुणे अवजारांच्या कारखान्याचे मालक उत्तमचंदशेठ, पांढराशुभ्र सफारी, खिशाला सोन्याचं पेन. मी त्यांना लांब उभं राहायला सांगितलं. पण ते मनापासून ऐकणारे गृहस्थ, प्रत्येक वाक्याला एक पाऊल पुढे यायचे. मी बटण दाबलं. मामा, केळीचा चीक कपड्यावरून कधी जात नाही, हे आपल्याकडच्या पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. शेठजींचा चष्मा, मिशी, सफारी, पेन, सगळं गराने भरलं. माझं डोकं बंद पडलं, पण पाठ केलेलं भाषण तोंडातून चालूच राहिलं. मी म्हटलं, "सर, आत्ता तुमच्या अंगावर आहे तो गर. धागा त्या बाजूने येतो."

धागा खरंच येत होता, लांब आणि पांढरा. शेठजींनी चष्मा पुसला आणि धागा हातात घेऊन ताणून बघितला. मग बाहेर गेले. मागून उखर्डूभाऊ हळूच म्हणाले, "ताई, हाई मशीन शे का पिचकारी?" आम्हाला बक्षीस मिळालं नाही. त्या संध्याकाळी मी धुळ्यातच देवपूरला कुंदाआत्याकडे जाऊन पोटभर रडले. आत्याने शेवभाजी केली. ती इतकी तिखट होती की नंतर कशासाठी रडते आहे हेच कळेना. (तिचेही उपकार.)

निकाल लागायच्या थोडं आधी कॉलेजात फोन आला, की शेठजींना आंघोळ घालणारी मुलगी पाठवून द्या. मला वाटलं, सफारी भरून मागणार. कारखान्याच्या ऑफिसात त्यांच्या पत्नी राजकुंवरबाई बसतात, अर्धा कारभार त्यांचाच. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "हीच का ती?" एवढंच विचारलं. शेठजींनी त्या मशीनमध्ये आधी काय बदलशील, असं विचारलं.

"झाकण," मी म्हटलं.

"आणि नंतर?"

"पाहुण्यांची खुर्ची मागे नेईन."

राजकुंवरबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेठजी मात्र गंभीर होते. म्हणाले, "त्या दिवशी दुसरं कोणीही माझी सफारी पुसत बसलं असतं. तू धागा दाखवलास. ती मशीन माझ्याकडे बनव." बाहेर येऊन अर्हमला फोन केला, तर तो रडायला लागला (रुमाल काढून).

आबांना सांगितलं तेव्हा ते तडक मळ्यात निघून गेले. परत आले ते खोडांची गाडी भरून. म्हणाले, शेठले लागतील. आई म्हणते, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना त्यांनी परस्पर नकार कळवून टाकलाय.

मामीला नमस्कार, लहानग्यांना गोड पापा. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमच्याच एका वाक्यावर उभी असलेली,
ज्योत्स्ना

ता. क. आता मुद्द्याचं. मी राहणार आत्याकडे देवपूरला, कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आबा त्यांची जुनी मोटारसायकल देत आहेत. तिचं इंजिन मी डोळे मिटून खोलते, पण मला ती चालवता येत नाही. तुमच्या दीपनगर कॉलनीतले रस्ते रुंद आहेत आणि तिथे मला कोणी ओळखत नाही. शिकवाल का?

ता. क. २. लवकर शिकवा. गाडी येते ना, असं शेठजींनी विचारलं होतं आणि मी हो म्हटलंय. (मनात इंजिन होतं.)

ता. क. ३. आबा आत्ता मागे येऊन उभे राहिले. मी काय लिहिते ते विचारून म्हणाले, "जितूले लिही, गाडी मांगून धरून ठेवजो, सोडजो नको." त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. पण मामा, तुम्ही सोडा.