दारातून पाहिलेला मॉनिटर

४ नोव्हेंबर, मंगळवार
रोजनिशी, माफ कर. १४ एप्रिलला रोज लिहायचा निश्चय केला, एक पान लिहिलं आणि आज नोव्हेंबर उजाडला. मधे ऊन होतं, मग डास होते. आजपासून मात्र रोज.
कारणही मोठं आहे. नात दीक्षानं मॉनिटर घेतला. माझा मुलगा शेषराव, म्हणजे तिचा बाप, धारणीकडे मास्तर आहे. पोरगी आमच्याकडे अकोल्यात राहून इंजिनिअरिंग शिकते आणि कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम खेळते. पाच पोरींची टीम. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी फायनल आहे, जिंकल्या तर पुण्याला जातील. जुन्या स्क्रीनवर समोरचा माणूस तिला उशिरा दिसतो, तोवर ती मेलेली असते. हे ऐकून माझी झोपच उडाली.
अमरावतीहून पार्सल येणार आहे. दीक्षा म्हणाली, आबा, उद्या घरीच राहजा, खोका घेऊन घेजा. तोंडानं बोलली नाही, पण तपासणी माझ्याकडे आहे हे मी समजलो. तीस वर्षं टॉकीजात डोअरकीपर होतो. शिक्षण सातवी, पण नजर पक्की.

५ नोव्हेंबर
मॉनिटर आला. वाकलेला आहे. पार्सलवाल्याला म्हटलं, वाटेत दबला. तो म्हणाला, काका, वाकडाच असते तो, कंपनीच वाकडा बनवते. वाकडं बनवून वर उघड सांगणारी कंपनी मी पहिल्यांदा पाहिली. सही केली, पण नाराजीनं केली.
डिझाइन: खाली तीन टांगा, चिखलात उभ्या बगळ्यासारख्या. मागच्या बाजूला लाल लाइटचं कडं. तो उजेड भिंतीवर पडतो. भिंतीला कशाला उजेड पाहिजे? शंभरपैकी पस्तीस दिले. पोरीचं मन राहावं म्हणून पास केला.
बायकोनं, सुंदराबाईनं, जुन्या पातळाचं झालरीचं झाकण शिवलं. दीक्षा हात जोडून नको म्हणाली. झाकण मिक्सरवर गेलं.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
पिक्चर क्वालिटी तपासली. पद्धत माझी नेहमीची: दाराला पाठ लावायची आणि बाजूनं पाहायचं. टॉकीजात मी कधी खुर्चीवर बसलो नाही. दारातून सगळे हिरो लांबट आणि बारीक दिसत. पुढे टीव्हीवर समोरून पाहिले तर सगळे जाडे निघाले. टीव्हीचा दोष.
निकाल वाईट आहे. दारातून रंग धुतल्यासारखा फिका. काळ्या रंगाची राख झाली. गेममधला बंदूकवाला तापातून उठल्यासारखा. दीक्षा म्हणाली, आबा, खुर्चीवर बसून पाहा न एकदा. मी म्हटलं, खुर्चीवर पब्लिक बसते. पब्लिक तपासत नसते.
ती हसली. पटलं असावं.

८ नोव्हेंबर
शेजारचे रामराव आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, वा वा पुंजाजी, काय पिक्चर आहे! आता माझी खात्री झाली. रामरावांना चव नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. यांनीच स्वतःच्या घराला जांभळा रंग दिला.

९ नोव्हेंबर
खोक्यावर १६५ हा आकडा आहे. मागे माझं बीपी १६५ झालं होतं तेव्हा डॉक्टरनं मीठ तोडलं होतं. पोरीच्या डोळ्यासमोर रोज हा आकडा बरा नाही. दीक्षाला विचारलं. म्हणाली, सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, तो आकडा आहे, आबा. म्हणजे त्या यंत्राला चैनच नाही. एका जागी राहील तर रंग धरील.
सुंदराबाईला सांगितलं. ती म्हणाली, तुमाले काय करा लागते? तिची वस्तू आहे, तिले समजते. निवडणुकीत मत कुणाला द्यायचं ते सांगितलं, तरी ती असंच बोलते.

११ नोव्हेंबर
निश्चय. मॉनिटर बदलून आणायचा. दुकानात शनिवारपर्यंत बदलून मिळतो. दीक्षाला सांगायचं नाही. फायनलच्या आधी तिला सरप्राइज.

१३ नोव्हेंबर
दीक्षा दोन दिवस मैत्रिणीकडे आहे, प्रॅक्टिकल परीक्षेला. संधी साधली. टेबलावरचं बिल घेतलं, खोका बांधला, अमरावतीच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, हा खोका खाली ठेवा. मी म्हटलं, नाजूक आहे, वाकलेला आहे. तो म्हणाला, मंग तर ठेवाच खाली, आता आणखी काय वाकते! बडनेऱ्यापर्यंत सगळी गाडी हसत होती. अशिक्षित लोक.
राजापेठेत दुकान सापडायला वेळ लागला. चारी बाजूला ट्यूशन क्लास, आणि अंगावर येणाऱ्या स्कूट्या. मालक कमलाकांतभाऊ माणूस सज्जन. म्हणाले, काका, पीस तर बरोबर आहे, काहून बदलता? मी म्हटलं, दारातून पाहा. ते समजले नाहीत. मग मी दुकानाच्या दारात उभा राहिलो आणि सगळे मॉनिटर एकदम चालू करायला लावले. रस्त्यावरचे दोन-चार जण माझ्यामागे उभे राहिले. दारात माणूस उभा असला की गर्दी होतेच, हा माझा जुना अनुभव.
एकच मॉनिटर पास झाला. सरळ, करडा, सभ्य. कोणत्याही कोनातून रंग तसाच. मागे लाइट नाही. खोक्यावर आकडा ७५. वाचूनच थंड वाटलं.
कमलाकांतभाऊंनी विचारलं, कोण वापरते? मी म्हटलं, नात इंजिनिअर होते आहे. ते म्हणाले, अभ्यासाले उत्तम आहे हा, ऑफिसवाले हाच नेतात. गेम खेळते का, असंही विचारलं. म्हटलं, खेळते थोडंफार. पोरीची कशाला बदनामी करू?
डिझाइन ९०, पिक्चर ९५. पाच मार्क नजर लागू नये म्हणून कापले.

१४ नोव्हेंबर, रात्री ९
दीक्षा आली. टेबलाकडे पाहिलं. पिशवी खांद्यावर तशीच. मला वाटलं, गहिवरली.
मग म्हणाली, आबा, वाकडा कुठं आहे? सगळं सांगितलं. तिनं गेम लावला. मी दारातून पाहिलं, काय रंग! म्हटलं, बघ, पिक्चर कसं आहे? ती म्हणाली, पिक्चर लय भारी आहे, आबा. पण मले पिक्चर नाही पाहायचा, खेळायचं आहे. यात माणूस पळाला की घासल्यासारखा पुसट होते. तो मले दिसते तेव्हा मी गेली असतो.
ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.
सुंदराबाई मात्र ओरडली. अवो, परवा फायनल आहे पोरीची! टॉकीज बंद पडली, आता पोरीचा खेळ बंद पाडता काय? दीक्षानं कमलाकांतभाऊंना फोन लावला. वाकडा पीस अजून दुकानात आहे, उद्या या म्हणाले. मी म्हटलं, मीच घेऊन जातो, तुमच्यापेक्षा मला दुकान माहीत आहे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

१५ नोव्हेंबर, धारणी
पहाटे सुंदराबाईनं पिशवी भरून हातात दिली. म्हणाली, शेषरावची लय आठवण येऊन राहिली, तुमी भेटून या. मी म्हटलं, आठवण तुला येते तर मी कशाला? म्हणाली, मले गुडघे आहेत. दीक्षा खोका घेऊन अमरावतीच्या गाडीत बसली, मला धारणीच्या गाडीत बसवलं. धारणीपासून पुढे जीप. रस्ता असा की मॉनिटर इकडे आणला असता तर आपोआप वाकला असता.
शेषराव दारातच म्हणाला, काय केलं बाबा तुमी? बातमी माझ्याआधी पोचली होती.
निश्चय: पुढे तपासणी फक्त विचारल्यावर.

१६ नोव्हेंबर, दुपार
फायनल चार वाजता. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर येते. जेवलो नाही. टेकडीवर बसलो आहे. मॉनिटर मिळाला का? बसस्टँडवर पडला नसेल ना? लाइट गेली तर? बकऱ्या मोबाईलकडे पाहतात.

तोच दिवस, संध्याकाळ
दीक्षाचा फोन. जिंकलो, आबा! पुण्याले चाललो! मागे बाकीच्या चार पोरी एकदम किंचाळत होत्या, आपापल्या घरातून कशा किंचाळल्या कोण जाणे. मी टेकडीवर उभा राहून ओरडलो. बकऱ्या पळाल्या.
विचार केला तर श्रेय मलाही आहे. मी बदलून आणला म्हणूनच तिला परत बदलावा लागला, आणि परत आणलेला पीस दुकानातून नीट तपासून मिळाला. हे शेषरावला सांगितलं. तो वह्या तपासत राहिला.

१८ नोव्हेंबर, धारणी
इथे डास आहेत. शेषराव शाळेत जातो, मी ओट्यावर बसतो. पुण्याची मॅच महिनाअखेरीला. तोवर सराव तोच, मॉनिटर तोच, टेबल तेच.
आज टेकडीवर चढून मेसेज पाहिला. दीक्षाच्या फोनवरून सुंदराबाईनं बोलून लिहवलेला: इकडं सगळं ठीक आहे. तुमी घाई करू नका. शेषरावले सोबत होते.
चार वेळा वाचला. शेषरावला सोबत नको आहे, कालच तो म्हणाला.
उत्तर लिहिलं, टेकडीवरून पाठवलं: मी मॉनिटरच्या खोलीत येणार नाही. दारातही नाही. चहा स्वयंपाकघरात पिईन. परत केव्हा येऊ, तेवढं लवकर कळवा.